विकायची वेळ कोण ठरवतो?

शेअर बाजारातली प्रत्येक मोठी पडझड गुंतवणूकदाराला शहाणे करते, असा समज आहे. मुंबईच्या बाजाराने एकशे साठ वर्षांत पाहिलेल्या पाच घसरणी एकमेकींशेजारी मांडल्या, तर एका घसरणीतला धडा पुढच्या वेळी अनेकदा अंगाशी आलेला दिसतो. पाचही वेळा खरी ठरलेली गोष्ट मात्र एकच आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही.

२३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त कोसळला आणि २५,९८१ वर बंद झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने जानेवारीतला आपला जुना उच्चांक मागे टाकला आणि २१ जानेवारी २०२१ रोजी ५० हजारांचा टप्पा ओलांडला. या काळात आणि त्यानंतर बाजारात नव्या गुंतवणूकदारांची रीघ लागली. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती, ती मार्च २०२४ मध्ये पंधरा कोटींच्या वर गेली. या पिढीने पाहिलेली पहिली आणि बहुतेकांनी पाहिलेली एकमेव मोठी घसरण आठ महिन्यांत भरून निघाली. त्यामुळे तिचा निष्कर्ष साधा आहे: बाजार पडला की घ्यायचे. तिच्या आईवडिलांच्या पिढीने १९९२ पाहिले. त्या पिढीतल्या असंख्य घरांचा निष्कर्ष याच्या नेमका उलट होता: शेअर म्हणजे सट्टा, आपले पैसे बँकेत बरे. दोन्ही निष्कर्ष अनुभवातूनच आले आहेत आणि दोन्ही पिढ्या ते मनापासून सांगतात. दोन माणसे एकाच शाळेतून परस्परविरोधी उत्तरे पाठ करून बाहेर पडत असतील, तर त्या शाळेबद्दलच शंका घ्यायला हवी.

या शंकेला संशोधनाचा आधार आहे. उलरिके माल्मेंडियर आणि श्टेफान नागेल या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कुटुंबांच्या अनेक दशकांच्या पाहणीतली माहिती तपासून २०११ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ज्यांनी आपल्या हयातीत शेअरमधून कमी परतावा पाहिला, ते जोखीम घ्यायला कचरतात, शेअर घेण्याचे टाळतात आणि घेतलेच तर बचतीचा लहान हिस्सा त्यांत घालतात, असे त्यात आढळले. अलीकडच्या वर्षांचा अनुभव जुन्या अनुभवापेक्षा जास्त वजनदार ठरतो, हेही दिसले. १९२९ नंतरच्या महामंदीत वाढलेल्या पिढीचे उदाहरण त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच घेतले आहे. माणूस बाजाराचा इतिहास शिकत नाही, तो स्वतःच्या वाट्याला आलेला तुकडा शिकतो, असा याचा अर्थ. एका तुकड्यावरून नियम काढणे ही संख्याशास्त्रात चूक मानली जाते. अनुभवाच्या बाबतीत मात्र तिलाच आपण शहाणपण म्हणतो. म्हणून पडझडीतून काय शिकावे हे ठरवायचे असेल, तर आपल्या वाट्याची एक घसरण बाजूला ठेवून अनेक घसरणींमध्ये समान काय होते ते शोधावे लागते.

सुरुवात पार १८६५ पासून करता येते. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. शहरात आलेला हा पैसा नव्या बँकांत, वित्तसंस्थांत आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांत शिरला. प्रेमचंद रायचंद हे या तेजीचे नायक होते. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपये भरणा झालेला शेअर ५० हजारांच्या घरात गेला. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरची जुनी बंधने सैल झाली होती आणि ही प्रतिष्ठित बँकही शेअरच्या तारणावर कर्जे देऊ लागली होती. सौदे वायद्याचे होते आणि त्यांतल्या कितीतरी सौद्यांची पूर्ती १ जुलै १८६५ या एका दिवशी करायची होती. एप्रिलमध्ये दक्षिणेकडच्या फौजेचे जनरल ली यांनी शरणागती पत्करली. युद्ध संपल्याच्या बातमीने कापूस कोसळला, पण वायद्याची तारीख काही बदलली नाही. त्या दिवशी पैसे उभे करायचे तर मिळेल त्या भावाला विकणे भाग होते आणि घेणारा कोणीच नव्हता. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला. पुढे ती बँकच गुंडाळावी लागली. मुंबईची जमीन, बंदर आणि कापसाचा व्यापार यांना भविष्य नव्हते असे नाही. पुढच्या काही दशकांत त्याच शहरात गिरण्या उभ्या राहिल्या आणि समुद्र हटवूनही झाला. भविष्याबद्दलचा अंदाज ढोबळमानाने बरोबर होता. चुकले ते एवढेच की ज्यांनी तो अंदाज बांधला, त्यांना ते भविष्य येईपर्यंत थांबायची मुभा नव्हती.

१९९२ ची गोष्ट मराठी वाचकाला अधिक परिचयाची आहे. २२ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स ४,४६७ वर पोचला होता. एसीसीचा शेअर काही शे रुपयांवरून नऊ हजारांच्या आसपास गेला होता. दुसऱ्याच दिवशी पत्रकार सुचेता दलाल यांच्या बातमीने स्टेट बँकेच्या रोख्यांच्या व्यवहारातला घोळ उघड झाला. बँकांमधल्या सरकारी रोख्यांच्या रेडी फॉरवर्ड, म्हणजे आज विकून ठरल्या दिवशी परत घेण्याच्या, व्यवहारांतला पैसा शेअर दलाल हर्षद मेहता बाजारात वळवत होते. तो पैसा बँकांनी परत मागितला आणि तेजीचा पायाच निघाला. २८ एप्रिलला निर्देशांक एका दिवसात जवळजवळ १३ टक्के पडला आणि वर्षभरात निम्म्यावर आला. घोटाळा म्हणून या प्रकरणावर भरपूर लिहिले गेले आहे. गुंतवणूकदाराच्या बाजूने पाहिले तर त्यातही तेच यंत्र चालताना दिसते: थोड्या दिवसांच्या उधारीवर दीर्घ मुदतीचे स्वप्न विकत घेतलेले, आणि उधारी परत मागण्याचा हक्क दुसऱ्याच्या हातात. बदला पद्धतीत सौदा पुढच्या खेपेला ढकलणारा सामान्य सटोडियाही याच साखळीतला शेवटचा दुवा होता. जूनमध्ये सरकारने वटहुकूम काढून घोटाळ्यात गुंतलेल्यांची मालमत्ता गोठवली, तेव्हा त्यांच्या हातून गेलेले शेअर विकत घेणारे निरपराध लोकही अडकले. ज्यांना विकायचे होते त्यांना विकता येईना आणि ज्यांना थांबायचे होते त्यांना थांबता येईना.

पुढच्या दोन घसरणी यालाच दुजोरा देतात. फेब्रुवारी २००० मध्ये सहा हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स सप्टेंबर २००१ मध्ये २,६०० पर्यंत उतरला. त्याआधीच्या तेजीला शेअर दलाल केतन पारेख यांच्या सौद्यांचा आणि अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेच्या पैशांचा टेकू होता; तो निघाला तेव्हा ती बँक तर बुडालीच, तिच्याकडे ठेवी ठेवणाऱ्या इतर सहकारी बँकाही अडचणीत आल्या. २००८ मध्ये कारण सर्वस्वी परदेशी होते, तरी आपल्या बाजारातला पहिला दणका कर्जाचाच होता. १० जानेवारीला २१ हजारांवर गेलेल्या बाजारात रिलायन्स पॉवरच्या प्राथमिक विक्रीसाठी लोकांनी उसना पैसा घेऊन फॉर्म भरले, शेअरची मागणी उपलब्धतेच्या सत्तर पटींवर गेली आणि अर्जांत प्रचंड रक्कम अडकून बसली. अशा वेळी परदेशातून विक्री सुरू झाली. २१ जानेवारीला सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला. मार्जिनचे पैसे वेळेत न भरणाऱ्यांचे शेअर दलालांनी परस्पर विकून टाकले. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच दहा टक्क्यांचे सर्किट लागून व्यवहार थांबले. या विक्रीचा कोणा कंपनीच्या कारखान्याशी किंवा ताळेबंदाशी काही संबंध नव्हता.

पाच घसरणींची कारणे पाच आहेत: कापूस, रोखे, सहकारी बँकेचा पैसा, अमेरिकेतली गृहकर्जे आणि एक विषाणू. आधीच्या घसरणीचा कितीही बारकाईने अभ्यास केला असता, तरी पुढचीचे कारण त्यातून ओळखता आले नसते. ज्यांचे कायमचे नुकसान झाले त्या माणसांत मात्र साम्य आहे. विकायची तारीख त्यांच्या हातात नव्हती. ती सावकाराने, दलालाने, वायद्याच्या मुदतीने किंवा घरातल्या एखाद्या न टाळता येणाऱ्या खर्चाने ठरवली. हिशेब करून पाहावा. स्वतःचे एक लाख आणि कर्जाचे एक लाख असे दोन लाख बाजारात लावले आणि भाव ४० टक्के उतरले, तर शेअरची किंमत एक लाख वीस हजार उरते. कर्ज फेडून हातात राहतात वीस हजार. बाजाराचे नुकसान ४० टक्के, कर्ज काढणाऱ्याचे ८० टक्के. कर्ज देणारा तिथपर्यंतही थांबत नाही, आधीच विकतो. वर्षभराने भाव मूळ पातळीवर आले तरी याच्या दृष्टीने ते आलेच नाहीत, कारण तेव्हा त्याच्याकडे शेअरच उरलेले नसतात. शेजारी फक्त स्वतःचे एक लाख लावून बसलेला माणूस, ज्याला ते पैसे दहा वर्षे लागणार नाहीत, त्याच घसरणीतून काही न गमावता बाहेर येतो. दोघांनी निवडलेले शेअर तेच असतात आणि बाजाराबद्दलचे ज्ञानही सारखेच असू शकते.

यावर पहिला आक्षेप असा की मग सगळे उत्तर दीर्घ मुदतीतच आहे. वेळ दिला की बाजार भरून देतोच. हे अर्धे खरे आहे. एप्रिल १९९२ मधला ४,४६७ चा सेन्सेक्स अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तीन हजारांच्या आसपास होता. या आकड्यात लाभांश धरलेला नाही हे मान्य. पण नव्वदच्या दशकात बराच काळ बँकेच्या मुदत ठेवीवर दहा-बारा टक्के व्याज मिळत होते, हेही विसरता येत नाही. जपानचा निक्केई २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर बंद झाला, ती पातळी त्याने ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ रोजी. चौतीस वर्षे हा नोकरीतला जवळपास सगळा काळ झाला. शिवाय निर्देशांक परत येतो म्हणून आपले शेअरही परत येतात असे नाही. सेन्सेक्समध्ये पडलेल्या कंपनीची जागा दुसरी घेते. १९८६ साली सेन्सेक्स सुरू झाला तेव्हा त्यात बॉम्बे डाइंग, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, हिंदुस्तान मोटर्स होत्या. त्या तीसपैकी बहुतांश कंपन्या आज यादीत नाहीत. निर्देशांकाला माणसे बदलता येतात, घरातल्या डिमॅट खात्याला ती सोय नसते. तेव्हा 'थांबा' हा सल्ला तीन अटींवरच टिकतो: पैसा एखाद-दोन कंपन्यांत एकवटलेला नसावा, तो एकाच उंच भावाला एकदम लावलेला नसावा, आणि थांबण्याचा काळ एका दशकाहून जास्त लांबला तरी घर चालले पाहिजे. १९९२ च्या शिखरावर एकरकमी पैसे लावणारा आणि त्यानंतरची अकरा वर्षे दरमहा थोडे थोडे घालणारा यांना २००८ च्या जानेवारीत मिळालेली फळे सारखी नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सक्ती नसतानाही लोक विकतात. त्यांच्यावर ना कर्ज असते ना मुदत, फक्त भीती असते. आणि आपली छाती किती हे प्रत्यक्ष पडझड सोसल्याशिवाय कोणालाच कळत नाही. हे नाकारण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०२४ मधल्या शिखरापासून पुढच्या मार्चपर्यंत निफ्टी साधारण १६ टक्के घसरला. या काळात, जानेवारी २०२५ मध्ये, नव्याने सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद झालेल्यांची संख्या जास्त होती. त्यात जुन्या नोंदींची साफसफाईही होती, पण सगळा आकडा तिच्यावर टाकता येत नाही. म्हणजे भीती हीही एक सक्ती आहे. तरी तिचे मूळ पाहिले तर ते बहुधा स्वभावापेक्षा रकमेत सापडते. मुलीच्या पुढच्या वर्षीच्या फीचे पैसे बाजारात असतील, तर दहा टक्क्यांची घसरणही झोप उडवते आणि उडवलीच पाहिजे, कारण ती भीती रास्त असते. वीस वर्षांनी लागणाऱ्या पैशांबाबत तीच घसरण बरीच सुसह्य होते. पूर्ण नाही, बरीच. उरलेल्या भीतीचा उपाय धैर्य वाढवणे हा नसून बाजारातला हिस्सा कमी ठेवणे हा आहे. अर्धी झाली तरी हात लावावासा वाटणार नाही एवढीच रक्कम शेअरमध्ये असावी, हे मोजमाप पडझड न पाहिलेल्यालाही वापरता येते.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे जुने झाले. सेबीला १९९२ मध्ये कायद्याचे अधिकार मिळाले, शेअर कागदावरून डिमॅटमध्ये आले, बदला २००१ मध्ये बंद झाला, निर्देशांकाला सर्किट ब्रेकर लागले, सौदापूर्ती आता दुसऱ्या दिवशी होते. या सुधारणा खऱ्या आहेत, आणि हर्षद मेहतांच्या पद्धतीने आज बाजार चालवता येणार नाही. पण सुधारणांनी फसवणूक अवघड केली, उधारी सोपीच झाली. मोबाइलवर काही मिनिटांत म्युच्युअल फंडाच्या तारणावर कर्ज मिळते, दलाल उरलेली रक्कम स्वतः घालून शेअर घेऊन देतात, आणि ऑप्शनवर तर मुदतीची तारीख छापूनच येते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर होता. ही वर्षे पडझडीची नव्हती, एकंदरीत तेजीचीच होती. चढत्या बाजारातही माणसे एवढी हरतात, तेव्हा दोष बाजाराच्या दिशेला देता येत नाही. ज्या सौद्याला मुदत आहे त्यात अंदाज बरोबर असून चालत नाही, तो ठरल्या गुरुवारी किंवा मंगळवारी बरोबर असावा लागतो. १ जुलै १८६५ आता दर आठवड्याला येतो.

'सुरक्षित' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुंतवणुकीलाही हीच कसोटी लावावी. युनिट ट्रस्टची युनिट ६४ ही योजना कितीतरी मध्यमवर्गीय घरांत बँकेइतकीच भरवशाची मानली जाई. जुलै २००१ मध्ये तिची खरेदी-विक्री थांबवण्यात आली, तेव्हा निवृत्तांना प्रश्न परताव्याचा पडला नव्हता, या महिन्यात पैसे मिळणार का हा होता. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा कर्जरोखे योजना गुंडाळल्या. पुढे गुंतवणूकदारांना पैसे परत मिळाले, पण टप्प्याटप्प्याने आणि उशिरा. ज्याला ते लागत नव्हते त्याचे फारसे बिघडले नाही. ज्याने टाळेबंदीत घर चालवायला ते ठेवले होते त्याला दुसरीकडे हात पसरावे लागले. गुंतवणुकीची जोखीम योजनेच्या नावात शोधली जाते. निम्मी जोखीम गुंतवणूकदाराच्या गरजेच्या तारखेत असते आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

याच्या उलट टोकाला जाणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवे. पडझडीचा धडा म्हणून जे बाजारातून कायमचे बाहेर पडतात किंवा 'जरा स्थिरावू दे' म्हणून थांबतात, त्यांनाही किंमत मोजावी लागते. ९ मार्च २००९ रोजी सेन्सेक्स ८,१६० वर होता आणि बातम्या काळ्याकुट्ट होत्या. निवडणुकीच्या निकालानंतर १८ मे रोजी बाजार उघडताच सर्किट लागले, एका दिवसात १७ टक्के वाढ झाली आणि व्यवहार थांबवावे लागले. दहा आठवड्यांत निर्देशांक सुमारे पाऊणपट वाढला होता, आणि अर्थव्यवस्था तेव्हाही 'स्थिरावलेली' नव्हती. १९९२ नंतर बाजाराचे नाव टाकलेल्या घरांनी २००३ ते २००८ मधली सातपट वाढ बाहेरून पाहिली. म्हणून 'जाऊच नका' हा सल्लाही एका तुकड्यावरून काढलेलाच आहे.

पुढच्या पिढीला द्यायचा धडा यापेक्षा रुक्ष आहे. पुढची घसरण केव्हा येईल, किती खोल असेल आणि किती दिवस टिकेल हे प्रश्न सोडून द्यावेत. त्याऐवजी घराचा जमाखर्च घेऊन पाहावे: येत्या पाच-सात वर्षांत कोणती रक्कम कोणत्या तारखेला लागणार आहे, नोकरी वर्षभर गेली तर हप्ते कशातून जातील, आणि शेअरच्या तारणावर एक रुपया तरी उचललेला आहे का. मंदीत नोकरी जाणे आणि शेअर पडणे या गोष्टी बऱ्याचदा एकत्र येतात, म्हणून दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. या हिशेबाला मोलही द्यावे लागते. कर्ज न घेणारा, वर्षभराचा खर्च बँकेत ठेवणारा आणि जवळच्या गरजेचा पैसा बाजारापासून दूर ठेवणारा माणूस प्रत्येक तेजीत शेजाऱ्यापेक्षा कमी कमावतो आणि चारचौघांत भित्रा ठरतो. तेजी चार-पाच वर्षे टिकली तर त्याची स्वतःचीही खात्री डळमळू लागते. विकायची वेळ स्वतः ठरवण्याच्या मोकळिकीची ही किंमत आहे. ती तेजीच्या वर्षांतच, दरवर्षी थोडी थोडी भरावी लागते. घसरण सुरू झाल्यावर ती मोकळीक कोणत्याच भावाला मिळत नाही.